मागचं कोण बघतंय?

रस्ते नुकतेच घाट चढायला शिकले होते, तेव्हाची गोष्ट. एका जीपचे चारही टायर झिजून गुळगुळीत झाले होते. "मागचं कोण बघतंय?" म्हणत मालकाने दोनच नवे आणले आणि पुढे बसवले. हळदकुंकू, नारळ सगळं त्यांनाच.

माणसं भरून जीप भर पावसात घाटाला लागली. मागचा म्हातारा टायर कळवळून म्हणाला, "बाबांनो, दमानं वळा. ओल्यात आम्हाला रस्ता धरवत नाही."

"आम्हाला धरवतो की!" पुढचे गुरकावले. "तुम्ही मुकाट मागनं या."

वळणावर पुढचे झोकात वळले. म्हाताऱ्याने जीव खाऊन डांबर धरायला पाहिलं, पण धरायला अंगावर काही उरलंच नव्हतं. जीप गर्रकन फिरली. मागचे टायर जन्मात पहिल्यांदा पुढे झाले, तेही दरीकडे.

पुढच्यांनी रस्ता अजून घट्ट धरला होता. पण जीप एकच होती.