हातानं लिहिलेला पत्ता

“पण अप्पाजी, फोनच्या बेसवरचा हिरवा दिवा तर लागलेला होता. मला कसं कळणार?”

प्रभुलिंगनं मठाच्या स्वामींना तिसऱ्यांदा विचारलं.

समोर सुवर्णा बसली होती. वडिलांना, सिद्रामप्पांना, माती देऊन ती थेट मठात आली होती.

“चार दिवस बाबा तुम्हाला फोन लावत होते,” ती म्हणाली. “शेवटी म्हणाले, राहू दे गं. त्याला बोलायचंच नसेल…”

सिद्रामप्पा म्हणजे अप्पाजींचे गुरुबंधू. एका ताटात जेवलेले. अकरा वर्षांपूर्वी गुरूंच्या गादीवरून दोघांचं बिनसलं आणि बोलणं तुटलं ते तुटलंच.

आता ह्या प्रभुलिंगचं ऐका. पुण्यात नेटवर्क इंजिनियर होता. नोकरी सोडून मठात आला, ताठा मात्र सोबत घेऊन आला. मठात इंटरनेटवरचा फोन यानंच बसवला. त्या फोनच्या बेसला नेटवर्कमधला आकड्यांचा पत्ता लागतो, तो दोन तऱ्हांनी देता येतो. राउटर देईल तो आपोआप घ्यायचा, नाहीतर आकडे आपण हातानं लिहायचे. ह्यानं हातानं लिहिले. आपोआप म्हणे अडाण्यांसाठी असतं!

गेल्या आठवड्यात राउटर जळाला. नवा आला, त्याचे आकडे वेगळे. बेस जुनाच पत्ता धरून बसला आणि फोन मुका झाला.

स्वयंपाकातल्या शांतव्वानं दोनदा सांगितलं होतं, “अरे, फोन वाजंना झालाय, बघ की जरा.”

“मी बसवलाय तो. बिघडायचा नाही,” हा म्हणाला होता. उठून बघितलंसुद्धा नाही.

“अति शहाणा त्याचा बैल रिकामा,” शांतव्वा आता दारातून पुटपुटली. तिचेही डोळे भरले होते.

प्रभुलिंगनं अप्पाजींच्या पायावर डोकं ठेवलं.

“चुकलो, अप्पाजी. एकदा नुसता उचलून कानाला लावला असता तरी कळलं असतं… मला प्रायश्चित्त द्या.”

“आधी फोन सुरू कर.”

तो कॉम्प्युटरपुढं बसला. स्वतः लिहिलेले आकडे एकेक करून पुसले आणि ‘आपोआप’वर खूण केली. बेस बंद होऊन पुन्हा सुरू झाला. त्यानं हँडसेट आणून अप्पाजींच्या हातात दिला.

अप्पाजींनी चष्मा मागितला नाही, की वही मागितली नाही. अंगठ्यानं सावकाश दहा आकडे दाबले.

सुवर्णानं ते आकडे पाहिले आणि पदर तोंडाला लावला. नंबर तिच्या वडिलांचा होता.

“अप्पाजी… तिथं आता कोण उचलणार?” प्रभुलिंग म्हणाला.

अप्पाजी ऐकत राहिले. पलीकडे रिंग वाजत होती. वाजून वाजून ती थांबली…

त्यांनी हँडसेट प्रभुलिंगच्या हातात ठेवला.

“तुझ्यामुळं चार दिवस बंद राहिला रे पोरा. त्याआधी अकरा वर्षं फोन चालूच होता की.”