केसभर मागे

एकदा एक तंबोरे घडवणारा म्हातारा चारचौघांत खोटे बोलला, आणि या गोष्टीचा आरंभ तिथून होतो. गुरु-शिष्यांच्या गोष्टींत सहसा शिष्य चुकतो; गुरू मंद हसतो आणि काहीतरी गूढ कृती करून त्याला लाजवतो. या गोष्टीतही गूढ कृती आहे, पण चुकला तो गुरू. म्हणूनच ती सांगावीशी वाटते.

म्हातारा कलेत निष्णात होता, यात शंका नाही. सुकलेल्या भोपळ्यावर टिचकी मारून तो सांगे, "यात नाद आहे. त्या दुसऱ्यात नाही, त्यात पाणी भरा." लोक त्याच्याकडे तंबोऱ्यासाठी येत आणि जाताना मुलीच्या लग्नाविषयी, भावाच्या भांडणाविषयी सल्लाही घेऊन जात. आपल्याकडे एका कामात तरबेज असलेला म्हातारा सगळ्याच बाबतींत शहाणा धरला जातो, आणि मग त्याचाही तसा समज होतो.

त्याच्या हाताखाली केरबा नावाचा एक तरुण शिष्य होता. दोन वर्षे त्याने नुसते भोपळे आतून खरवडले, तीन वर्षे लाकूड तासले, आणि सहाव्या वर्षी एक तंबोरा आरंभापासून अखेरपर्यंत एकट्याने केला. जवारीसकट.

जवारी म्हणजे तंबोऱ्याचा प्राण. तारा एका रुंद पट्टीच्या, म्हणजे घोडीच्या, पाठीवरून जातात, आणि प्रत्येक तार व घोडी यांच्या मधे सुती दोऱ्याचा बारीक तुकडा सरकवतात. दोरा अलीकडे राहिला, तर तार टण् करते आणि विझते. फार पुढे गेला, तर तार घोडीला घासून पत्रा हलल्यासारखी खरखरते. त्या खरखरीच्या केसभर मागे एक जागा असते. दोरा तिथे थांबला, की एकाच तारेतून नादाचा पिसारा उलगडतो. ती जागा मोजून सापडत नाही, कानाने शोधावी लागते. आणि ज्याची त्याची जवारी निराळी निघते, जसे ज्याचे त्याचे अक्षर.

केरबाचा तो पहिला तंबोरा पाहायला एक गायिका आली. पन्नाशीची, मोजके बोलणारी. तिच्या मैफली भरवणारा कापडाचा व्यापारी सोबत होता. तिने चारही तारा छेडल्या आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळाने उघडून विचारले, "हात कोणाचा?"

"माझाच," म्हातारा म्हणाला. "दुसरा कोण आहे इथे?"

दुसरा समोरच होता. तंबोऱ्याची दांडी धरून उभा होता.

त्या संध्याकाळी म्हाताऱ्याने केरबाला एक पेढा दिला. विषय काढला नाही.

केरबाने पेढा गिळला आणि ते बोलणेही गिळले. आईला सांगितले, तर ती म्हणाली, "गुरूचं बोलणं मनाला लावून घेऊ नये." देवळातल्या पुराणिकबुवांनी सांगितले, "राग हा शत्रू. आला की पेलाभर पाणी प्यावं." केरबा गुणी होता, त्याने ऐकले. सहा वर्षांत जेवढे पाणी तो प्याला नसेल, तेवढे त्या आठ महिन्यांत प्याला. त्याचा आवाज खाली आला, मान खाली आली. पोरगा किती शांत झाला, म्हणून सगळ्यांनी कौतुक केले. शांत माणसाची कोणाला अडचण होत नाही; कौतुकाचे कारण बहुधा तेच असते.

त्याच्या हातून निघणारे तंबोरे मात्र मेलेले निघू लागले. लाकूड चांगले, भोपळा चांगला, रेषा सुबक. तार छेडली की टण्, आणि संपले.

अशात गायिकेचा निरोप आला. दिवाळीच्या मैफलीला तिला त्या तंबोऱ्याचा जोड हवा होता. "त्याच हाताचा हवा," तिने कळवले होते. "दोन्ही एका बोलीत बोलले पाहिजेत."

आधी म्हाताऱ्याने दार लावून घेऊन स्वतः करून पाहिला. तंबोरा उत्तम झाला, गोल आणि मधाळ, पण तो जोड नव्हता. केरबाच्या जवारीला एक धार होती, ती म्हाताऱ्याच्या हातात नव्हतीच. खोटे लोकांत खपते, तारेवर खपत नाही. चार दिवसांनी त्याने काम केरबापुढे सरकवले आणि म्हणाला, "तू कर. मी बघतो."

केरबाने महिनाभर डोके फोडले. दोरे बदलले, घोडी तीनदा घासली. दर वेळी टण्. अखेर त्याने मनाशी ठरवले, की आपल्या हातातले गेले. भावाची कौलांची भट्टी होती, त्याला गुरुवारी येतो म्हणून कळवले. पिशवी भरली. कानशी तेवढ्या तिच्यात घातल्या नाहीत. कौलांना कानस लागत नाही.

"उद्या जातोय, बाबा," त्याने म्हाताऱ्याला सांगितले.

"बरं," म्हातारा म्हणाला. सहा वर्षांवर एवढेच.

त्याच सकाळी गायिका आणि व्यापारी जोड ऐकायला आले. पहिला तंबोरा गवसणीत घालून सोबत आणला होता.

"काय केरबा, लागला का सूर?" व्यापारी टेकता टेकता म्हणाला. "चित्त स्थिर पाहिजे, पोरा. आता माझं बघ. दिवसाला पन्नास गिऱ्हाइकं ठाणं उलगडायला लावतात आणि न घेता जातात. मी कधी आवाज चढवतो का?"

"चढवता की," गायिका म्हणाली. "परवा गड्यावर चढवलात, तो माझ्या माडीवर ऐकू आला."

केरबा हसला नाही. शेवटचा प्रयत्न म्हणून तो नव्या तंबोऱ्यापुढे बसला. एका हाताने तार छेडत त्याने दुसऱ्या हाताने दोरा पुढे सरकवायला घेतला. म्हातारा आजवर घोडीकडे बघत असे, त्या दिवशी प्रथमच त्याने केरबाच्या बोटांकडे पाहिले. तारेत खरखरीची नुसती चाहूल लागली, आणि बोटे चटका बसल्यासारखी मागे उडाली. पुन्हा पुढे, पुन्हा चाहूल, पुन्हा मागे. टण्.

"थांब," म्हातारा म्हणाला. "पुढे ने दोरा."

"पुढे खरखर आहे, बाबा."

"मला शिकवतोस? ने."

केरबाने दोरा नेला. तार कर्कश खरखरली.

"आता दोऱ्याला हात लावायचा नाही. नुसती तार वाजव."

केरबा वाजवू लागला. म्हातारा मांडी घालून समोर बसला, जणू मैफलच चालली होती. आवाज असा, की दातांत कळ यावी.

"अहो, हे तंबोऱ्याचं दुकान की कल्हईवाल्याचं?" व्यापारी म्हणाला. जरा वेळाने व्यापारी कानांवर उपरणे घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसला. गायिका जागची हलली नाही.

"काय ऐकू येतं?" म्हाताऱ्याने विचारले.

"घाण," केरबा म्हणाला.

"आणखी?"

"पत्रा."

"वाजव. थांबू नकोस."

केरबाचे बोट चालत राहिले. आधी त्याने डोळे घट्ट मिटले होते, दात आवळले होते. मग कधीतरी दात सुटले. तो ऐकू लागला.

"खाली खरज आहे," तो हळू म्हणाला. "तो शुद्ध आहे. त्याच्या वर कोणीतरी ओरडतंय."

"काय ओरडतंय?"

बोट चालत राहिले.

"तो तंबोरा माझा होता," केरबा म्हणाला.

म्हाताऱ्याने मान वर केली नाही. "आणखी?"

"तुम्ही म्हणालात, दुसरा कोण आहे इथे. मी होतो. दांडी धरून तुमच्यासमोर उभा होतो. सहा वर्षं भोपळे खरवडून, लाकूड तासून बोटं सडवली, ती 'हात कोणाचा' या एका प्रश्नासाठी, आणि त्याचं उत्तर तुम्ही खाल्लंत. वर पेढा दिलात. मला पेढा आवडत नाही, बाबा. सहा वर्षांत तुम्हाला तेवढंही कळलं नाही. आणि मी आठ महिने पाणी पितोय."

तार अजून खरखरतच होती. म्हातारा गायिकेकडे वळला. वय एकाएकी त्याच्या चेहऱ्यावर आले होते.

"त्याचं खरं आहे, बाई. तो तंबोरा याचा. मी खोटं बोललो." मग, कोणी न विचारता, "तुम्ही डोळे मिटलेत ना तेव्हा. माझ्या तंबोऱ्यावर असे कोणी डोळे मिटल्याला फार वर्षं झाली होती."

"मला ठाऊक होतं," गायिका म्हणाली. "तीस वर्षं तुमची जवारी ऐकतेय. हा हात तुमचा नाही, हे पहिल्याच तारेला कळलं."

केरबाने तिच्याकडे पाहिले. "मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, हे स्वतःच सांगतील. जोड मागितला, तोही त्याचसाठी."

आठ महिने दोन शहाणी माणसे एकमेकांची वाट पाहत होती, आणि मधल्यामध्ये एक तरुण पाणी पीत होता. मोठ्या माणसांचा धीर हा असा दुसऱ्याच्या जिवावर असतो.

केरबाने हात धोतराला पुसला.

"आता मागे ये," म्हातारा म्हणाला. "सावकाश. पळायचं नाही."

केरबाने दोरा मागे घेतला. जास्त झाला, टण्. तो पुन्हा पुढे गेला. खरखर आली, पण या वेळी बोटे उडाली नाहीत. तो तिच्यात थांबला, ऐकले, आणि केसभर मागे आला. मग आणखी अर्धा केस.

तार उघडली.

गायिकेने गवसणी सोडली, पहिला तंबोरा मांडीवर घेतला आणि छेडला. दोन्हींचा नाद खोलीत एकमेकांत मिसळला, आणि थोड्या वेळाने कोणता कुठून येतो ते सांगता येईना.

व्यापाऱ्याने दारातून डोके आत घातले. "आता कोण वाजवतंय? हात कोणाचा हा?"

"केरबाचा," म्हातारा म्हणाला.

पाहुणे गेल्यावर केरबाने विचारले, "मला त्या खरखरीत इतका वेळ का बसवलंत?"

म्हातारा म्हणाला, "जवारी खरखरीच्या शेजारी राहते. भिऊन जो अलीकडेच थांबतो, त्याला ती कधी भेटत नाही. त्याची तार स्वच्छ असते आणि मेलेली असते. खरखरीतच जो घर करतो, त्याचं कोणाला ऐकवत नाही. तिच्यात जायचं, ती काय म्हणते ते पुरतं ऐकायचं, आणि केसभर मागे यायचं. तू आठ महिने अलीकडेच थांबत होतास. माझ्यापाशीही आणि तारेपाशीही. मनाला एका ठिकाणी भिण्याची सवय लागली, की बोटंही भितात."

केरबाने विचार केला. "हे आठ महिन्यांपूर्वी सांगता आलं असतं."

"आलं असतं," म्हातारा म्हणाला. "पण त्यासाठी मला आधी माझ्या खरखरीत जाऊन बसावं लागलं असतं. मीही अलीकडेच थांबलो होतो."

"तुम्हाला कसला राग?"

"राग नव्हे रे. मत्सर."

हा शब्द म्हाताऱ्याने अगदी साधेपणाने उच्चारला. आठ महिने छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी उचलून बाजूला ठेवला, आणि तो फार मोठाही नव्हता, असे केरबाला वाटले. त्याने भावाला येत नसल्याचे कळवले, पिशवी रिकामी केली आणि ढाराढूर झोपला.

तीन-चार दिवसांनी दुपारी घोडी घासताना केरबाच्या हातातून कानस निसटली आणि अंगठ्यावर आली. त्याने कानशीला, घोडीला आणि ओघात गुरूलाही एक सणसणीत शिवी हासडली. आतल्या खोलीत म्हातारा भोपळ्यावर टिचकी मारत होता. त्याचा हात थांबला, आणि जीव भांड्यात पडला. बाहेरून तार वाजली, खरखरली, जरा थांबली, आणि उघडली.

राग गिळून टाक म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतात, पाण्याचा पेलाही तेच पुढे करतात. पेला हातात घेण्याआधी त्यांना एवढेच विचारावे: पहिला तंबोरा कोणाचा होता?