जूरीने दिलेली कबुली

दुपारी तीन वाजता जिल्ह्याच्या सेशन्स कोर्टात न्यायाधीश इनामदार जूरीला इंग्रजीत कायदा समजावत होते. मुकादमाच्या खुनाची आरोपी साळू बेलदार पिंजऱ्यात उभी होती. दोषी ठरली तर फाशी. ‘रीझनेबल डाउट’, ‘युनॅनिमस व्हर्डिक्ट’ असे शब्द ऐकून जूरीतले पेढीवाले आणि घरमालक गंभीरपणे माना डोलवत होते.

साळूचे वकील पिंगळे उठले. “रावसाहेब, हे मराठीत सांगावं. यांना इंग्रजी कळत नाही.”

“प्रतिष्ठित माणसं आहेत ही, पिंगळे. अपमान करू नका.”

“मग मीच एक विचारतो.” पिंगळे जूरीकडे वळले आणि न्यायाधीशांच्याच थाटात इंग्रजीत म्हणाले, “सभ्य गृहस्थहो, हा खून तुम्हीच केलात, हे मान्य आहे ना?”

आधी फोरमन रतनशेठांनी मान डोलावली, मग बाकीच्यांनी.

पिंगळे मराठीत म्हणाले, “कबुली मिळाली, रावसाहेब. आता फाशी कुणाला, तेवढं सांगा.”

इनामदारांनी निमूटपणे सगळं मराठीत सांगितलं.

“असं होय?” रतनशेठ म्हणाले. “शंका असली तर सोडायचं असतं?”

साळू सुटली. आदल्याच आठवड्यात याच जूरीने, असंच इंग्रजी ऐकून, एका हमालाला एकमताने दोषी ठरवलं होतं. तो अजून तुरुंगात आहे.