न बोलणारा सल्लागार

"मग तुम्ही तिथं येऊन करणार तरी काय, सर?"

सोनटक्के सर वाल सोलत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "बसणार."

"नुसतं?"

"नियमच आहे. शिस्तपालन समितीपुढं विद्यार्थ्याला एक सल्लागार नेता येतो. त्यानं शेजारी बसायचं, मुलाला काय सांगायचं ते सांगायचं. समितीशी बोलायचं नाही."

मला हसूच आलं. माझ्या खोलीत वक्तृत्वाच्या चौदा ढाली, आणि असला मुका वकील घेऊन मी काय करू? पण जो तो त्यांचंच नाव सुचवत होता. भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेला हा म्हातारा वीस वर्षं पोरांच्या शेजारी बसत आला होता.

आणि माझी वेळ वाईट होती. आरोप सिद्ध झाला तर वर्षभर विद्यापीठाबाहेर. तेही शेवटच्या वर्षाला. घरी वडिलांना, आप्पांना, काय तोंड दाखवणार?

"काय केलंस?" सरांनी विचारलं.

"काही नाही हो. गॅदरिंगला फिशपाँड वाचले. डब्यात निनावी चिठ्ठ्या पडतात, त्या वाचायच्या, लोकांना हसवायचं. त्यात एक हणमंत ढोणेवर निघाला. पहिल्या वर्षाचा पोरगा. बोलताना अडखळतो."

"म्हण बघू."

मी म्हणून दाखवला. "हणमंतला नाव विचारा, चहा पिऊन या. तोवर त्याचा 'ह' होईल."

सर हसले नाहीत.

"लोक?"

"सभागृह डोक्यावर घेतलं, सर!"

"आणि हणमंत?"

"दुसऱ्या दिवशी वळकटी बांधून गावी गेला. त्याच्या मामानं तक्रार केली." मी घाईनं पुढं म्हणालो, "पण चिठ्ठी निनावी आहे. कुणी लिहिली ते सिद्धच होत नाही. मी नुसता वाचणारा. सात पानी बचाव लिहून दिलाय, पाठसुद्धा केलाय."

"तू लिहिलीस?"

"तो प्रश्नच उद्भवत नाही."

"बरं..." सर पुन्हा सोलू लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "त्याला स्टेजवर बोलावलं होतंस?"

"हो. ज्याच्यावर फिशपाँड, त्यानं वर यायचं. पद्धतच आहे."

"काही बोलला?"

"बोलायला गेला. तोंड उघडलं, पण..."

"पण?"

"मी पुढची चिठ्ठी वाचली."

सरांचे हात थांबले.

"काय म्हणायचं होतं त्याला?"

"मला काय माहीत?"

"हं..." त्यांनी टरफलं एका बाजूला सारली. मग म्हणाले, "सोमवारी अकराला येतो मी."

झाला सल्ला! मी चरफडत घरी आलो.

सोमवारी समितीचे पाच जण टेबलापलीकडे, अलीकडे मी. शेजारी इस्त्रीचा बुशशर्ट घातलेले सर. अध्यक्ष मॅडमनी सरळच विचारलं, "चिठ्ठी तू लिहिलीस का?"

मी ऐटीत उठलो. तोंड उघडलं. आणि कुठून कोण जाणे, हणमंतचं ते उघडं तोंड माझ्यासमोर आलं. शब्दच फुटेना. माझी, माझी जीभ टाळ्याला चिकटली!

एका सदस्यानं घड्याळ बघितलं. "लेखी दिलंय ना यानं? तेच धरू या. चला पुढं."

सर बोलले नाहीत. त्यांनी फक्त उजवा हात वर केला, तळवा समितीकडे करून. त्र्याहत्तर वर्षांचा हात तो, भरून आला असणार. पण त्यांनी तो खाली घेतला नाही.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. सगळे थांबले. किती वेळ गेला देव जाणे.

"मीच लिहिली," मी म्हणालो.

मग उरलेलंही आलं, तुटक तुटक. सात पानांतलं त्यात एक वाक्य नव्हतं.

कबुली दिली म्हणून वर्षाचे सहा महिने झाले. शिवाय हणमंतची माफी मागायची.

बाहेर व्हरांड्यात मी सरांच्या पाया पडलो. रडलो, लाज कसली! म्हणालो, "सर, तुम्ही नसता तर मी निर्दोष सुटलो असतो. फार उपकार झाले तुमचे."

आजही त्या माणसाची आठवण झाली की माझे हात आपोआप जोडले जातात.

डोळे पुसून मी म्हणालो, "उद्याच जातो हणमंतच्या गावी. सकाळी सातची एसटी आहे. माफी मागतो, नि दोनच्या गाडीनं परत..."

सर वाकून चपलेचा अंगठा सारखा करत होते.

"परतीची गाडी ठरवून जाऊ नकोस," ते म्हणाले.