द्यूतशाळेच्या खिडक्या

फार पूर्वी रोहणा नगरीवर सुषेण राजाचा अंमल होता, त्या काळी बोधिसत्त्वाने एका वैद्यकुळात जन्म घेतला होता. वयात आल्यावर तो त्या नगराचा वैद्य झाला. कुठल्या आळीत ताप शिरला, कुठल्या विहिरीचे पाणी बाधले, हे त्याला राजाच्या हेरांआधी कळत असे. रोग्याला बरे करून तो थांबत नसे. रोग आला कुठून हे पाहायला तो रोग्याच्या घरापर्यंत चालत जाई.

नगराच्या मध्यावर राजाची द्यूतशाळा होती. भद्रवाह नावाचा द्यूताध्यक्ष तिचा कारभार पाही. तिथले फासे चोख होते आणि जिंकलेल्या पैशातला राजाचा वाटा रस्त्यांच्या कामी लागे, म्हणून तिच्याविषयी कोणी वाईट बोलत नसे. पण काही वर्षांपासून बोधिसत्त्वाला एक गोष्ट दिसू लागली होती. रात्र रात्र झोप नसलेले पुरुष, गळ्याला दोराचा वळ असलेला एक सुतार, अंगावरचे दूध आटलेल्या बायका, मारलेली मुले, असे कितीतरी लोक त्याच्या ओसरीवर येत. प्रत्येकाची हकीकत विचारत गेले की ती त्याच एका दारापाशी जाऊन पोहोचे. त्याने दोनदा ही गोष्ट राजाच्या कानावर घातली. राजाने शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले की ज्याचा स्वतःवर ताबा नाही, त्याचे औषध राजाकडे नसते.

नगराच्या वरच्या अंगाला मोठा तलाव होता. त्याच्या बांधावर उत्पल नावाचा रखवालदार असे. पाणी चढले की वरच्या गावचे लोक नगारा वाजवत आणि उत्पल बांधाची दारे उचलून पाण्याला वाट करून देई. त्याच्या बापानेही जन्मभर हेच काम केले होते. त्या भाद्रपदात सलग चार दिवस पाऊस लागला. नगारा वाजला, पुन्हा वाजला, पण बांधावर कोणी नव्हते. उत्पल आदल्या सकाळपासून द्यूतशाळेत बसला होता. बांध एका कडेने फुटला आणि पाणी कुंभारवाड्यात घुसले. सात माणसे बुडाली. त्यात सोमा नावाच्या कुंभारणीचा नवराही होता. तो घराबाहेर पडला होता, पण आंधळ्या आईला आणायला पुन्हा आत गेला.

उत्पलला राजापुढे उभे केले, तेव्हा त्याने काही लपवले नाही. प्रत्येक डावानंतर आपण उठणारच होतो, एवढेच तो म्हणाला. राजाने सातव्या दिवशी सूर्यास्ताला दक्षिण वेशीबाहेर त्याचे शिर उतरवण्याची आज्ञा दिली.

बोधिसत्त्व त्याच दिवशी दरबारात गेला.

"महाराज, गेल्या वर्षी पूर्वेच्या आळीत हगवण लागली, तेव्हा आपण पाणी पिणाऱ्यांना फटके मारले नाहीत. विहीर उपसून घेतली."

"विहीर नासली आहे हे पिणाऱ्यांना ठाऊक नव्हतं," राजा म्हणाला. "उत्पलला सगळं ठाऊक होतं."

"ठाऊक होतं, तरी त्याला उठता आलं नाही. मी त्यालाच रोग म्हणतो."

भद्रवाह तिथेच होता. आपण कोणाला ओढून आणत नाही, हजारो लोक खेळतात आणि हसत घरी जातात, दहावीसजणांना आवरत नाही त्याचा दोष शाळेला का, असे त्याने विचारले. त्या विहिरीचे पाणीही हजारो लोक पीत होते आणि त्यातले पुष्कळ धडधाकट राहिले होते, असे बोधिसत्त्वाने उत्तर दिले.

राजाला हे बोलणे झोंबले. आपण स्वतः साध्या वेषात एक दुपार द्यूतशाळेत बसू आणि मनाला येईल तेव्हा उठून येऊ, असे त्याने जाहीर केले. उठणे खरेच अवघड वाटले, तर वैद्याचे म्हणणे खरे मानून उत्पलला जीवदान देऊ. सोपे वाटले, तर शिक्षा कायम. तिथे कोणी आपल्याला ओळख देऊ नये आणि मधे पडू नये, अशी ताकीदही त्याने दिली. कामांच्या गर्दीत त्याला सातवाच दिवस मोकळा सापडला. सूर्यास्तापूर्वी राजाची मुद्रा वधस्थानी पोहोचली तर उत्पल सुटेल आणि नाही पोहोचली तर मारेकरी आपले काम करील, असे ठरले.

बोधिसत्त्वाचे मन धास्तावले. दुसरा एखादा दिवस धरावा, अशी त्याने विनंती केली. आपल्या संयमावर वैद्याला शंका आहे असे राजाला वाटले आणि त्याने ती विनंती फेटाळली.

सातव्या दिवशी दुपारी राजा व्यापाऱ्याच्या वेषात द्यूतशाळेत शिरला. बोधिसत्त्व त्याच्याबरोबर होता. त्या दालनाला एकही खिडकी नव्हती. भर दुपारी समया तेवत होत्या. बसल्याजागी गरम पेय हातात येत होते. कोणी जिंकले की शंख फुंकत, आणि हरलेला माणूस मुकाट्याने पुन्हा फासे उचलत असे. उठू पाहणाऱ्याला सेवक प्रेमाने एक डाव फुकट देत. राजा पहिले तीन डाव जिंकला. मग हरला. मग अगदी थोडक्यात हुकला. थोडक्यात हुकल्यावर तो पुढे सरसावून बसला.

बोधिसत्त्व अधूनमधून दाराबाहेर जाऊन आकाश पाहून येई. उन्हे उतरल्यावर त्याने राजाच्या कानात तसे सांगितले. राजा म्हणाला, "हा एक डाव." काही वेळाने त्याने पुन्हा सांगितले. राजाने मान हलवली, पण नजर पटावरून उचलली नाही. तिसऱ्यांदा बोधिसत्त्वाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. राजाने तो हात झटकून टाकला. त्याच्याजवळचे पैसे संपले होते. त्याने बोटातली मुद्रा काढली आणि पटावर ठेवली.

भद्रवाह खांबाशी उभा होता. मुद्रा पाहून त्याच्या तोंडचे पाणी पळाले. पण मधे पडायचे नाही ही राजाचीच आज्ञा होती.

पश्चिमेला आता तांबडे दिसू लागले होते. बोधिसत्त्व धावत निघाला.

दक्षिण वेशीबाहेर सगळा कुंभारवाडा जमला होता. सोमा सर्वांत पुढे उभी होती. उत्पल गुडघ्यांवर बसलेला होता आणि त्याच्यापुढे लाकडाचा ओंडका होता. सूर्यास्ताचा नगारा थांबत थांबत तीनदा वाजे आणि तिसऱ्या ठोक्याला शिर उतरवायचे होते. त्याचा पहिला ठोका पडला, तेव्हा बोधिसत्त्व तिथे पोहोचला. मारेकऱ्याने मुद्रा मागितली. मुद्रा नाही, असे त्याने सांगितले. मग तो उत्पलच्या शेजारी बसला आणि त्याने आपली मान ओंडक्यावर ठेवली.

"महाराजांनी याचा जीव ज्या बोलण्यावर टांगला, ते बोलणं माझं होतं. ते वेळेवर उठतील असं मी धरून चाललो. चूक माझी झाली. तेव्हा आधी माझं शिर उतरव."

मारेकऱ्याला अशी आज्ञा नव्हती. तो शस्त्र खाली करून इकडेतिकडे पाहू लागला. उत्पल हलक्या आवाजात म्हणाला, "वैद्यराज, उठा. तुमच्या ओसरीवर माणसं खोळंबली असतील." बोधिसत्त्व हलला नाही.

नगाऱ्याचा दुसरा ठोका पडला. गर्दीतून कोणीतरी ओरडले की वैद्याला बाजूला ओढा. सोमा पुढे आली आणि महाराज कुठे आहेत, असे तिने विचारले.

"द्यूतशाळेत," बोधिसत्त्व म्हणाला. "मुद्रा डावावर लागली आहे."

हे शब्द तोंडोतोंडी मागच्या माणसांपर्यंत गेले. सोमा आपल्या नवऱ्याचा जीव घेणाऱ्याला मरताना पाहायला आली होती. सात दिवस तिने दुसरा विचार केला नव्हता. तिने उत्पलकडे पाहिले आणि वेशीकडे पाहिले. मग ती ओंडक्याच्या पलीकडे, शस्त्र जिथून खाली आले असते तिथे, मांडी घालून बसली.

तिसरा ठोका पडला. आज्ञा मोडली तर उद्या मारेकऱ्याचीच मान जाणार होती. तरी त्याचा हात वर गेला नाही.

तेवढ्यात वेशीतून राजा धावत आला. त्याच्या पायात काही नव्हते आणि पागोटे कुठेतरी गळून पडले होते. त्याच्यामागे भद्रवाह धापा टाकत येत होता. जन्मात कोणाचा डाव न थांबवणाऱ्या त्या माणसाने पटावरचे फासे मुठीत उचलून घेतले होते आणि म्हटले होते, "महाराज, सूर्य बुडाला."

राजा ओंडक्यासमोर उभा राहिला.

"आज मी एक माणूस मारला होता," तो म्हणाला, "आणि मला त्याची आठवणही राहिली नव्हती."

मग त्याने सोमाला विचारले की तुझ्या मनात काय आहे.

"याला सोडा असं मी म्हणत नाही, महाराज. याच्यामुळे माझा माणूस गेला. पण आज तुम्हीही तिथं बसून राहिलात. मग मी कुणाकुणाला मारा म्हणू?"

राजाने उत्पलच्या दोऱ्या सोडवल्या. मग रागाच्या भरात त्याने द्यूतशाळा जाळून टाका आणि सगळ्या जुगाऱ्यांना नगराबाहेर हाकला, असे फर्मावले. बोधिसत्त्वाने त्याला थांबवले. शाळा जाळली तर लोक स्मशानामागच्या झाडीत खेळतील आणि तिथे मला त्यांच्यापर्यंत पोहोचता येणार नाही, असे तो म्हणाला.

राजाने सर्व त्याच्यावर सोपवले. आधी दालनाच्या भिंती फोडून चारही बाजूंना खिडक्या पाडल्या, म्हणजे खेळणाऱ्याला दिवस कलताना दिसेल. पेये आणि फुकटचे डाव बंद झाले, शंख काढून टाकला. घटका भरली की घंटा होई आणि सर्वांना उठून अंगणात यावे लागे. कोणाची हत्यारे, वस्त्रे वा अधिकाराची खूण पटावर घ्यायची नाही, असे ठरले. मला आत सोडू नका, असे जो स्वतःहून सांगेल, त्याला द्वारपाल दारातूनच परत पाठवी आणि त्याची चेष्टा करीत नसे. बांधावर एकाच्या जागी दोघे रखवालदार आले. भद्रवाहाचे वेतन खेळावर अवलंबून राहिले नाही. राजाचा वाटा आधी वैद्याच्या ओसरीकडे जाऊ लागला आणि रस्ते थोडे मागे पडले. राजानेही द्वारपालाला आपले नाव सांगून ठेवले.

उत्पलने कुंभारवाड्याची घरे उभी केली आणि मग बांधावर दगड वाहण्याचे काम केले. त्याचा रोग एकदम गेला नाही. पुढच्या वर्षी तो एकदा झाडीतल्या चोरट्या खेळात जाऊन बसला आणि दुसऱ्या दिवशी आपणहून वैद्याकडे येऊन रडला. बोधिसत्त्व त्याला रागावला नाही. इतर रोग्यांप्रमाणे त्याने त्यालाही पुन्हा ओसरीवर बसवून घेतले. सोमा त्याच्याशी कधी बोलली नाही. पण दगड वाहणाऱ्यांसाठी ती पाण्याची मडकी ठेवी, तेव्हा त्याच्या वाटचे मडकेही ठेवी. तीन पावसाळे गेल्यावर बोधिसत्त्वाने आळीआळीतून फिरून पाहिले, तेव्हा त्या दारापाशी पोहोचणाऱ्या हकीकती पुष्कळ कमी झाल्या होत्या. संपल्या मात्र नव्हत्या, आणि तो फिरत राहिला.

पुढे बुद्ध झालेल्या शास्त्यांनी ही कथा सांगितली, तेव्हा विहारात नागिल नावाच्या नव्या भिक्खूविषयी बोलणे चालले होते. तो पूर्वाश्रमी जुगारी होता आणि गावात जाऊन पुन्हा फाशांपाशी बसला होता. त्याला संघातून काढावे, असा स्थविर, म्हणजे ज्येष्ठ भिक्खू, उग्रतेजांचा आग्रह होता. कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा उत्पल म्हणजे हा नागिल. काल ज्याने त्याला हाताला धरून परत आणले, तो द्वाररक्षक भिक्खू म्हणजे भद्रवाह. आज नागिलच्या पात्रात भिक्षा घालणारी उपासिका खेमिका ही सोमा होती. सुषेण राजा म्हणजे आपले उग्रतेज. आणि तो नगरवैद्य मी होतो."

उग्रतेज बाजूला सरकले आणि त्यांनी आपल्या आसनावर नागिलला जागा करून दिली.

त्या जन्मी शास्त्यांनी जो गुण जोपासला, त्याचे नाव करुणा.