आजोबांची शिंक

फार पूर्वीही ओढे न विचारताच घरात शिरत. एकदा असंच मुसळधार पावसात उंदरांच्या बिळात पाणी आलं. सून पिल्लांना घेऊन निघाली, तोच धाकटं शिंकलं.

“बसा खाली! शिंकेवर घर सोडू नये,” उंदीरआजोबा गरजले.

सगळे बसले. पाणी पोटाला लागलं. भिजलेली पिल्लं एकामागून एक शिंकू लागली आणि आजोबा दर शिंकेला सगळ्यांना पुन्हा बसवू लागले.

शेवटी पाणी आजोबांच्या मिशांना लागलं. ते स्वतःच सणसणीत शिंकले आणि सगळ्यांच्या आधी बाहेर पळून बाभळीवर चढले.

पिल्लांना ओढत आलेली सून खालून ओरडली, “मामंजी, शिंकलात ना? मग बसा की!”

“बसलोच आहे,” आजोबा शेंड्यावरून म्हणाले. “बिळातच बसायचं, असं मी कधी म्हटलं?”