थेंबही न सांडणारी सुटकेस

कोंबड्यांनाही समुद्रात बुड्या मारायची हौस होती, त्या काळची ही गोष्ट. एक कोंबडी बुडीचा रबरी पोशाख न्यायला बॅग घ्यायला गेली.

“ताई, माझ्यात थेंबभर पाणी शिरत नाही,” चकचकीत सुटकेस म्हणाली.

“माझ्यातलं निथळून जातं,” जाळीची पिशवी पुटपुटली.

“अंगभर भोकं, आणि मिरवते बघा!” सुटकेस फणकारली.

शेजारणी हसतील म्हणून कोंबडीने सुटकेसच घेतली. सरावाची बुडी झाल्यावर ओला पोशाख तिच्यातच कोंबला. मग प्रवाळ बघायचा दिवस उजाडला. त्यासाठीच ती एवढ्या लांब आली होती. सुटकेस उघडताच होडीवाल्या खेकड्याने तोंड फिरवलं. “ताई, या वासाने मासे पळतील. तुम्ही काठावरच बसा.”

कोंबडी रडकुंडीला आली. सुटकेस मात्र ऐटीत म्हणाली, “बघा, एक थेंब बाहेर सांडू दिला नाही!”